रीच सकर्मक आणि लिसन अकर्मक, असं कसं?

प्रश्न (डिचोली):
मुलगी चौथीपर्यंत मराठीत शिकली, आता पाचवीपासून इंग्रजी माध्यम. तिने वहीत ‘आय रीच्ड टू पणजी’ आणि ‘आय लिसन साँग्ज’ लिहिलं, टीचरने दोन्हींवर लाल रेघ ओढली. शेरा असा की रीच सकर्मक, लिसन अकर्मक. मराठीत तर पोचणे अकर्मक आणि ऐकणे सकर्मक. अर्थ तोच असताना प्रकार उलटा कसा होतो?

उत्तर (म्हापसा):
टीचर बरोबर आहे. सकर्मक-अकर्मक हे क्रियापद त्या भाषेत नामाशी कसं जोडलं जातं यावर ठरतं. अर्थावरून अंदाज बांधला की फसायला होतं. रीचला कर्म थेट लागतं: ‘आय रीच्ड पणजी’. मधला ‘टू’ आपल्या ‘पणजीला’मधल्या ‘ला’ने घुसवलेला. अराइव्हला मात्र ‘इन’ किंवा ‘ॲट’ लागतो. लिसनला ‘टू’ हवा, हिअरला नको. डिस्कसमागे लोक ‘अबाउट’ लावतात तो ‘विषयावर चर्चा’मधून आलेला असावा. ‘टेल मी’ चालतं, ‘एक्सप्लेन मी’ चालत नाही. यामागे तर्क शोधू नका, क्रियापद पाठ करताना त्याच्या मागचा शब्दही सोबत पाठ करायला लावा.

शाळेत ‘काय? कोणाला?’ असं विचारून कर्म शोधायला सांगतात. ते अर्धंच उपयोगी, कारण आपला ‘ला’ नको तिथेही उत्तर देतो. मराठीत भूतकाळ जास्त भरवशाचा, तिथे सकर्मकाचा कर्ता ‘ने’ घेतो: ‘मुलाने गाणं ऐकलं’, पण ‘मुलगा पणजीला पोचला’. (शिकणे, विसरणे, पिणे ही सकर्मक असूनही ‘ने’ न घेणारी मंडळी वेगळी.) ‘मी’ला ही खूण दिसत नाही, ‘मी गेलो’ आणि ‘मी ऐकलं’ दोन्हीकडे ‘मी’च. कोंकणीत ती दिसते: ‘हांव गेलों’, पण ‘हांवें आयकलें’. म्हणजे घरी कोंकणी बोलणारं मूल हा भेद जिभेवर घेऊनच वर्गात येतं. गोव्यातल्या इंग्रजीच्या तासाला याचा वापर का होऊ नये?

प्रश्न (फोंडा):
मग ब्रेकचं काय? शब्दकोशात सकर्मक, अकर्मक अशा दोन्ही खुणा आहेत.

उत्तर (म्हापसा):
आपल्या व्याकरणात त्याला नाव आहे: उभयविध. ‘दार उघडलं’ आणि ‘त्याने दार उघडलं’. मराठीत अशी क्रियापदं कमी, एरवी आपण रूपच बदलतो. नारळ फुटला, नारळ फोडला. फेरी थांबली, फेरी थांबवली. इंग्रजीला दोन्हीकडे ब्रेक पुरतं, दोन्हीकडे स्टॉप पुरतं. ओपन, बॉइल, बर्न, मेल्ट, टर्न, मूव्ह हीसुद्धा त्याच जातीची. म्हणून ‘हे क्रियापद सकर्मक की अकर्मक’ हा परीक्षेतला प्रश्न वाक्य दिल्याशिवाय विचारूच नये, असं माझं मत.

आपल्यासारख्या जोड्या इंग्रजीतही थोड्या उरल्यात. फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे झाड पाडणे. सिट-सेट, राइज-रेझ तशीच. इंग्रजीच्या पूर्वज भाषांत प्रयोजक रूपं (दुसऱ्याकडून क्रिया घडवून आणणारी, पडणेवरून पाडणे तशी) करायची रीत होती, तिचे हे अवशेष. सगळ्यांत त्रासदायक जोडी लाय-ले. लाय म्हणजे आडवं होणे, आणि त्याचा भूतकाळ ‘ले’. ले म्हणजे ठेवणे, त्याचा भूतकाळ ‘लेड’. इथे ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही अडखळतात, तेव्हा पाचवीतल्या मुलीचे गुण कापले गेले तर मनावर घेऊ नका.

प्रश्न (डिचोली):
रन तरी अकर्मक धरू ना? धावणे.

उत्तर (म्हापसा):
धावण्यापुरतं धरा. ‘शी रन्स अ हॉटेल इन कळंगुट’ यात कोणी धावत नाही, ती हॉटेल चालवते. तिथे रन सकर्मक. शब्दकोशात प्रत्येक अर्थाच्या आकड्याशेजारी खूण दिलेली असते का ते पाहा, आणि ती अर्थागणिक वाचा.