सुमात्रन गेंडे जंगलातून उचलून झूमध्ये नेले, बरोबर केलं का?

रानभूल:
माझं मत, घोडचूक होती. १९८४ ते १९९६ मध्ये इंडोनेशिया-मलेशियात ४० गेंडे पकडले, काही तिथेच ठेवले आणि बाकीचे पार ब्रिटन-अमेरिकेच्या झूंमध्ये वाटले. बहुतेक सगळे पिल्लू न होताच मेले. आणि खायला काय घालत होते तर वाळलेलं गवत! दाट जंगलात झाडाचा पाला ओरबाडून खाणारा प्राणी हा, इतर गेंड्यांना चालतं ते यालाही चालेल असं धरूनच चालले. अमेरिकेत ७ गेले, १९९७ पर्यंत ३ उरले.

माळरान:
पूर्ण असहमत. त्या उरलेल्यांनीच सगळं शिकवलं. अमेरिकेतल्या सिनसिनाटी झूचा नर इपुह खाणं सोडून बसला होता, कॅलिफोर्नियातून उंबराच्या कुळातल्या फायकसच्या फांद्या विमानाने आणल्या तेव्हा सावरला. मग एमी नावाची मादी, तिच्यावर तिथल्या शास्त्रज्ञ टेरी रॉथ यांनी सोनोग्राफी करत करत शोधलं की नराशी संग झाल्याशिवाय हिचं बीजच सुटत नाही, त्यानंतर पाच गर्भ गेले तरी बाईंनी सोडलं नाही, पुढच्या वेळी प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक दिलं आणि १३ सप्टेंबर २००१ ला अंदालास जन्मला. त्याआधी माणसाच्या ताब्यात असा जन्म झालेला १८८९ ला, आपल्या कलकत्त्यात. ११२ वर्षं मधे! हे जंगलात लांबून बघून कळलं असतं का?

रानभूल:
नसतं कळलं. पण एमी २००९ ला गेली, तिची मुलगी सुची २०१४ ला, दोघीही शरीरात लोह साठून. आणि तिचा धाकटा मुलगा हरापान २०१५ मध्ये इंडोनेशियात परत पाठवावाच लागला ना? मग ४० जणांना इतक्या लांब पांगवलं कशाला!

पाणवठा:
मधे बोलतो, त्यांच्याच देशात ठेवले की सुरक्षित हेही खरं नाहीये. मलेशियात सुंगई दुसुनच्या गेंडा केंद्रात, त्यांच्याच हवेत, २००३ मध्ये काही आठवड्यांत ५ गेंडे रोगाने गेले.

माळरान:
तेच म्हणतोय. आणि मलेशियाने पुढे उशीर केला त्याचं काय? इमान या मादीला २०१४ मध्ये पकडली तोवर तिच्या गर्भाशयात गाठी झाल्या होत्या, वर्षानुवर्षं नरच न भेटलेल्या माद्यांना हे होतं. २०१९ ला ती गेली आणि त्या देशातून जातच संपली. उलट सिनसिनाटीत जन्मलेला अंदालास २००७ ला सुमात्रात वाय कंबासच्या गेंडा अभयारण्यात गेला, २०१२ ला त्याला अंदातु झाला, इंडोनेशियात बंदिस्त जागेत झालेलं पहिलं पिल्लू. झू नसतं तर हा बापच नसता.

रानभूल:
पकडायला माझा विरोध नाही हो, घरापासून तोडायला आहे. २०१८ मध्ये कालिमंतानला, म्हणजे बोर्नियो बेटाच्या इंडोनेशियातल्या भागात, पाहू नावाची मादी पकडली ती तिथेच, बोर्नियोतल्याच केलियानच्या गेंडा केंद्रात ठेवलीय, ते मला पटतं. ब्रिटनला पाठवणं तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही.