अंदमान : शिडाच्या बोटीवरून बेटावर दिवसभर उतरायचं आहे

प्रश्न : आम्ही चौघं भुसावळचे. डिंगी, म्हणजे बोटीवरून किनाऱ्यावर जायची छोटी होडी, किनाऱ्यावर कशी ठेवायची? सोबत काय न्यायचं?

उत्तर १ : भाऊ, आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. भरतीला उतरलात तर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पाणी दोनेक मीटर उतरतं, प्रवाळ उघडे पडतात आणि डिंगीचा रबरी तळ फाटतो. उथळात इंजिन वर उचला, वल्ही मारा. ओहोटीला उतरलात तर डिंगी भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्याच्या ओळीच्या वर ओढून झाडाला बांधा. नाहीतर भरती घेऊन जाईल.

उत्तर २ : ऊन आपल्याला नवं नाही, दमटपणा दमवतो भो! माणशी तीन लिटर पाणी, जाड तळाचे बूट, दशम्या. खारफुटीच्या खाडीत मगरी असतात, तिथं पाय बुडवू नका. प्रवाळ उचलू नका, 1972चा वन्यजीव कायदा लागतो.