कादंबरीसाठी: चित्रात निरोप कुठे लपवावा?

प्रश्न: मिलान, १४९७. लिओनार्दोच्या ‘अखेरचं भोजन’ या भिंतीवरच्या चित्रात रंगाखाली कोळशाने लिहिलेला निरोप पटेल का?

उत्तर १: त्या काळी तो वाचणार कोण? कोळसा दाखवणारी इन्फ्रारेड तपासणी विसाव्या शतकातली. शिवाय तिथे कोरड्या गिलाव्यावर रंग दिल्याने काही वर्षांतच पोपडे सुटले. १६५२ मध्ये त्या भिंतीत दार पाडताना चित्रातल्या येशूचे पायही गेले. लाकडी फळीवरचं मरियमचं चित्र घ्या. वस्त्राच्या सोनेरी काठावर चित्रकार अरबीसारखी निरर्थक अक्षरं काढत. त्यांत खरी चार घुसवली, तर शंका येणार नाही.

उत्तर २: काठ उत्तम! सोन्याची पूड डिंकात कालवून ही अक्षरं शेवटी काढत. म्हणून चित्र जोरात पुसलं, की आधी तीच जातात. अर्धा निरोप असाच पुसू द्या.