मदत हवी आहे: मिर-३०डी हा मायक्रोआरएनए जीन दाबतो ना, मग गर्भात चिकटण्याचे जीन वाढतात कसे?

नमस्कार मंडळी, मी एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि जर्नल क्लबमध्ये मला डेव्हलपमेंट जर्नलमधला २०१५ चा पेपर मांडायचाय, स्पेनमधल्या कार्लोस सिमोन यांच्या ग्रुपचा. त्यात दाखवलंय की गर्भ रुजायच्या दिवसांत गर्भाशयाच्या अस्तरातून जो द्रव येतो त्यात मिर-३०डी वाढलेला असतो, तो एक्सोसोममधून (पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पिशव्या) बाहेर पडतो आणि अजून न रुजलेल्या गर्भाच्या बाहेरच्या पेशी, म्हणजे ट्रोफेक्टोडर्म, तो आत घेतात. म्हणजे गर्भ चिकटायच्या आधीच आईकडून त्याला निरोप जातोय! वाचून खरंच भारी वाटलं, कारण आम्हाला शिकवताना सगळा भर प्रोजेस्टेरॉन हार्मोन, एलआयएफ हे संकेत देणारं प्रोटीन आणि इंटिग्रिन या पेशी चिकटवणाऱ्या प्रोटीनवरच होता.

आता अडतंय कुठे ते सांगते. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ न्यूक्लिओटाइडचा आरएनएचा तुकडा, एमआरएनएच्या (प्रोटीन बनवायची सूचना नेणारा आरएनए) थ्री प्राइम यूटीआरवर, म्हणजे शेवटाकडच्या प्रोटीन न बनवणाऱ्या भागावर, जाऊन बसतो आणि त्याचं प्रोटीन कमी करतो, इथपर्यंत पक्कं आहे. २००७ मध्ये उंदरांच्या गर्भाशयात मिर-१०१ए आणि मिर-१९९ए-स्टार हे मायक्रोआरएनए कॉक्स-२ या रुजण्यासाठी लागणाऱ्या एन्झाइमला लगाम घालतात असं दिसलं होतं, तो सरळ हिशोब आहे. पण इथे उंदरांच्या गर्भांना मिर-३०डी दिला तर आयटीजीबी३, आयटीजीए७ आणि सीडीएच५ हे चिकटण्याचे जीन उलट वाढलेत आणि गर्भ जास्त चिकटलेत. मध्ये एखादा रिप्रेसर (त्या जीनना दाबून ठेवणारा घटक) असणार आणि मिर-३०डी त्यालाच दाबत असणार असं मी धरून चाललेय, पण सर विचारतील की पुरावा काय, तेव्हा कुठला प्रयोग सांगू? नुसतं टार्गेटस्कॅनची (सीक्वेन्सवरून टार्गेटचा अंदाज सांगणारं सॉफ्टवेअर) यादी दाखवणं मला पटत नाही.

दुसरी शंका जास्त छळतेय. २०१४ च्या एका पेपरात मोजून दाखवलंय की बऱ्याच मायक्रोआरएनएची सरासरी एका एक्सोसोममागे एक कॉपीसुद्धा भरत नाही, मग गर्भाच्या पेशीत परिणाम व्हायला किती एक्सोसोम आत जायला हवेत? आणि आपण बाहेरून मिमिक (मिर-३०डीची कृत्रिम नक्कल) घालतो तो डोस खऱ्या गर्भाशयातल्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त असेल तर निष्कर्षावर कितपत विसंबायचं? एक गोष्ट बाजूने आहे, २०१९ मध्ये मिर-३०डी काढून टाकलेल्या उंदरांत रुजण्याचं प्रमाण कमी झालं आणि गर्भाची वाढही मंदावली, पण तिथे तर अस्तरातल्या पेशींमध्येही तो नाहीये, मग दोष अस्तराचा की न पोचलेल्या निरोपाचा हे वेगळं कसं करायचं? नॉर्मल गर्भ नॉकआऊट (मिर-३०डी काढून टाकलेल्या) मादीत ट्रान्सफर करूनही हा घोळ सुटत नाही असं मला वाटतं.

परळच्या एनआयआरआरसीएच या प्रजनन आरोग्यावरच्या संशोधन संस्थेत किंवा कुठेही एंडोमेट्रियमवर (गर्भाशयाचं अस्तर), एक्सोसोमवर काम केलेलं कोणी इथे असेल तर प्लीज सांगा, कंट्रोल म्हणून स्क्रॅम्बल्ड (सीक्वेन्स विस्कटलेला) मिमिक पुरेसा धरतात का, की सीड सीक्वेन्स (टार्गेटला जुळणारा छोटा भाग) बदललेला मिर-३०डी पण लागतोच? एखादा चांगला रिव्ह्यू सुचवलात तरी खूप मदत होईल.