इंदूरमध्ये घरूनच ‘प्रोफेशनल ऑर्गनायझर’चे काम सुरू करायचे आहे : मार्गदर्शन हवे

सुदामानगरकर :
नमस्कार. मी इंदूरला सुदामानगरात राहते. घर बदलायचे असले, लग्नघर आवरायचे असले किंवा वडीलधाऱ्यांच्या पश्चात त्यांच्या सामानाची निरवानिरव करायची असली, की नात्यातली माणसे मला हमखास बोलावून घेतात. हे काम मला मनापासून आवडते आणि जमतेही, म्हणून आता ते रीतसर पैसे घेऊन करावे असा विचार आहे. जागा भाड्याने घेणे सध्या परवडणार नाही. फोन, हिशेब आणि थोडेफार साहित्य घरीच राहील. नोंदणी कोणती करावी, दर कसा ठरवावा, आणि ‘घर आवरायला कसले पैसे?’ असे विचारणाऱ्या ओळखीच्या माणसांना काय सांगावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पलासियाची ताई :
आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण दराचे गणित त्याच्यावरच उभे आहे. नुसती आवराआवर घरचे लोकही करू शकतात. आपण पैसे घेतो ते रखडलेले निर्णय मार्गी लावण्याचे. जुन्या मराठी घराच्या माळ्यावर पितळेचे घंगाळ असते, कल्हई उडालेली पातेली असतात, जुन्या गाद्या असतात, मुलांच्या दहावीच्या वह्या असतात आणि ‘वॉरंटीला लागेल’ म्हणून जपलेले मिक्सरचे रिकामे खोकेही असते. यातल्या प्रत्येक वस्तूत कोणाचा तरी जीव अडकलेला असतो आणि त्याबद्दल घरातली माणसे एकमेकांशी बोललेली नसतात. आपल्याला बोलावते सूनबाई, आणि घंगाळ असते सासूबाईंच्या माहेरचे. म्हणून पहिल्या भेटीत कशालाही हात न लावता घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांशी बोलावे आणि कोणत्या वस्तूंबाबत कोणाचा शब्द अखेरचा, हे लिहून घ्यावे. ‘हे टाकून द्या’ असे आपण कधीही म्हणू नये. ज्या वस्तूबद्दल निर्णय होत नाही ती वेगळ्या खोक्यात ठेवून त्यावर पुन्हा पाहण्याची तारीख घालावी. घाई केली की माणसे दुखावतात आणि पुढची कामेही जातात.

डबे, टोपल्या आणि खण पाडण्याचे साहित्य सर्वांत शेवटी, फळीचे माप घेऊन, खरेदी करावे. आधी डबे आणणे हा या कामातला सर्वांत मोठा वायफळ खर्च आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण किती सामान राहणार हे निवड होईपर्यंत कळतच नाही. स्वयंपाकघरात रोजच्या वस्तू कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत, जड भांडी खाली आणि सणावाराची वर, अशी मांडणी बहुतेक घरांत टिकते. मात्र वर्षाचे गहू भरलेली कोठी कुठे ठेवायची, हे जी बाई त्यातून रोज गहू काढते तिलाच विचारावे.

दराबाबत सांगायचे तर, निव्वळ ताशी दर लावला की ग्राहकाचे लक्ष घड्याळाकडे राहते, आणि ठोक रक्कम सांगितली तर लांबलेल्या कामाचा भार आपल्यावर येतो. मी आधी पाहणी करून खोलीवार अंदाज देते, त्यात गृहीत धरलेले तास लिहिते आणि वाढीव तासांचा दरही आधीच सांगते. पाहणीचा वेळ, येण्याजाण्याचा खर्च आणि मदतनीस बाईंची मजुरी त्यात धरलेली असते. नातेवाइकांसाठी फुकट काम करू नये. हवे तर एकच कपाट आवरायला घ्यावे, पण दर पूर्ण लावावा. दागिने आणि रोकड घरच्यांनी काम सुरू होण्यापूर्वी स्वतः कुलपात ठेवावी, ही अट लेखी असू द्यावी.

हिशेबनीस_इंदूर :
नोंदणीपुरते लिहितो. व्यवसाय एकल मालकीचा ठेवावा. केंद्र सरकारची लहान उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती आधार आणि पॅनच्या आधारे ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही, त्यामुळे पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासून दूर राहावे. सेवा व्यवसायाला वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी करावी लागत नाही. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते, परंतु ज्या कामाला भांडवल जवळजवळ लागतच नाही त्यासाठी कर्ज काढू नये. बँक खाते मात्र पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे.

रामबागेतले काका :
मी बँकेतून निवृत्त झालो आहे, म्हणून कागदपत्रांविषयी कळकळीने लिहितो. वडीलधाऱ्यांच्या पश्चात घर आवरताना जुन्या फायली रद्दीत जातात, आणि त्यांत छापील शेअर प्रमाणपत्रे किंवा मुदत ठेवींच्या पावत्या असू शकतात. १ एप्रिल २०१९ पासून कागदी स्वरूपातल्या शेअरची विक्री करून हस्तांतर होत नाही, तरी मालकी संपत नाही. वारस रीतसर अर्ज करून ते आपल्या नावावर करून घेऊ शकतात. दहा वर्षे हक्क न सांगितलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण त्याही वारसांना मागता येतात, आणि त्या शोधण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ हे पोर्टल आहे. आपण कागद वाचत बसू नये, मात्र असा कागद ओळखून घरच्यांच्या हाती द्यावा.

सुदामानगरकर :
आपणा सर्वांची आभारी आहे. आणखी दोन शंका आहेत : कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे जाहिरातीसाठी वापरता येतील का, आणि निघालेल्या सामानाची व्यवस्था कोणी लावायची?

पलासियाची ताई :
छायाचित्रे लेखी परवानगी असेल तरच वापरावीत, आणि तीही देवघर, कुटुंबाचे फोटो, औषधे व कागद चौकटीत येणार नाहीत अशी.

सामानाची व्यवस्था आपण लावून दिली तर ग्राहकाला त्याचे मोल फार वाटते. आपल्या शहरात कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत द्यावा लागतो, त्यामुळे मुदत संपलेली औषधे, बॅटरीचे सेल, ट्यूबलाइट आणि बंद पडलेले मोबाइल एकाच पिशवीत भरून चालत नाही. त्यांच्या वेगळ्या पिशव्या कामाच्या सुरुवातीलाच मांडाव्यात. चांगले कपडे आणि भांडी कोणाला द्यायची हे घरच्यांनी ठरवावे. कबाडी आला की वजन घरच्यांसमोर करवून घ्यावे आणि पैसे त्याने थेट त्यांच्याच हातात द्यावेत. त्या पैशांतला वाटा आपण घेऊ नये, कारण काय टाकायचे हे सुचवण्यात आपला लाभ आहे अशी शंकासुद्धा कोणाच्या मनात येता कामा नये.