मदत हवी आहे: प्रवर्तक हिस्सा विकतायत, आम्हाला मत नाही का?

ठाणेकर: वडिलांच्या डीमॅटमध्ये एका सूचिबद्ध कंपनीचे 400 शेअर आहेत. प्रवर्तकांनी (कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकांनी) 34 टक्के हिस्सा दुसऱ्या समूहाला विकायचा करार केलाय. ओपन ऑफरचं (आमचेही शेअर विकत घ्यायच्या प्रस्तावाचं) पत्र आलं, मतदानाचं काहीच नाही. आम्हाला न विचारता मालक बदलतो का? ऑफर नाकारली तर शेअर अडकतील का?

कृष्णाकाठ: हो, बदलतो. प्रवर्तक स्वतःचे शेअर विकतायत, त्यासाठी सभेच्या ठरावाची गरज नाही. त्याऐवजी शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाहेर पडायची वाट ठेवली आहे. 2011 च्या टेकओव्हर नियमांनुसार खरेदीदार 25 टक्क्यांपर्यंत पोचला किंवा नियंत्रण घेतलं, की किमान आणखी 26 टक्क्यांसाठी ऑफर द्यावी लागते, आणि प्रवर्तकांना करारात ठरलेल्या भावापेक्षा कमी भाव चालत नाही. 2019 मध्ये माइंडट्री या आयटी कंपनीच्या संस्थापकांचा विरोध असूनही एल अँड टीने तिथले मोठे भागधारक व्ही. जी. सिद्धार्थ यांचा सुमारे 20 टक्के हिस्सा 980 रुपयांनी घेतला आणि ऑफरही त्याच भावाने दिली.

नाकारलीत तर शेअर तुमचेच राहतात. स्वीकारायची असेल तर खिडकी 10 कामकाजाचे दिवस असते. ब्रोकर शेवटच्या दिवशी अर्ज घेणं लवकर बंद करतात, एक-दोन दिवस हाती ठेवा. एकदा टेंडर केलेले (ऑफरमध्ये विकायला दिलेले) शेअर मागे घेता येत नाहीत. अर्ज जास्त आले तर प्रमाणातच घेतात, उरलेले परत येतात. आधी बाजारभाव बघा. तो ऑफरच्या वर असेल तर टेंडर कशाला?

तळेगाव: एक महत्त्वाची भर. पत्रात ‘प्रेफरन्शियल अलॉटमेंट’ शोधा. कंपनी खरेदीदाराला नवे शेअर देणार असेल तर विशेष ठराव लागतो, आणि तिथे तुम्हाला मत आहे. बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट हवीत, तीही प्रत्यक्ष पडलेल्या मतांतून. म्हणजे प्रवर्तकांचे 34 टक्के बाजूने पडले आणि बाकीचे गप्प बसले, तर 12 टक्के विरोध ठराव पाडतो, कारण 12 ची तिप्पट 36. म्हणून लहान भागधारकांनी मत द्यावंच, असं मी आग्रहाने सांगेन.

पुढे विलीनीकरण आलं तर एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मंजुरीने होणाऱ्या योजनेत मतांच्या मूल्याचा तीन चतुर्थांश हिस्सा आणि मत देणाऱ्या भागधारकांत डोक्यांचं बहुमत, दोन्ही लागतं. डोकी मोजताना 400 शेअरवाला आणि म्युच्युअल फंड सारखेच.

ठाणेकर: स्पॅममध्ये पोस्टल बॅलटची (सभा न घेता होणाऱ्या मतदानाची) मेल सापडली! विषय तोच, प्रेफरन्शियल. मत कसं द्यायचं?

तळेगाव: आधी कट-ऑफ तारीख बघा, त्या दिवशी शेअर वडिलांच्या खात्यात असतील तर मत त्यांचं. मग एनएसडीएल किंवा सीडीएसएल (डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्था), मेलमध्ये जे असेल तिथल्या ई-व्होटिंगवर लॉगिन. ओटीपी वडिलांच्या नोंदलेल्या मोबाइलवर येईल. नंबर जुना असेल तर आजच ब्रोकरकडे बदला. पोस्टल बॅलटला 30 दिवस मिळतात. सबमिट केल्यावर मत बदलता येत नाही, त्यामुळे सूचनेसोबतच्या स्पष्टीकरणात्मक निवेदनातला इश्यू भाव (नवे शेअर कितीला देणार) आणि इश्यूनंतरचा हिस्सा आधी वाचून घ्या.