वाचन संपतं होय कधी!

संशोधन करणाऱ्यांना कुणी ना कुणी सांगतंच, आधी वाचन संपवा, मगच प्रबंध लिहायला घ्या. मला नाही पटलं. माझा विषय सोलापूरचे यंत्रमाग कामगार. दोन वर्षं नुसत्या झेरॉक्स जमवल्या, लिहिलं एक पान नाही. मग रोज रात्री मुलाखतींवरून पानभर लिहायला लागलो, तेव्हा कळलं की मजुरीचा हिशेब आपण विचारलाच नाही! परत सोलापूरच्या पूर्व भागात, या कामगारांच्या वस्तीत चकरा. घरात तेलुगू बोलणारी मंडळी. छापील मराठी प्रश्नावली पुढं केली की नुसतं 'हो', 'नाही'. कागद पिशवीत टाकला, शेजारच्या पोराला दुभाष्या केलं, तेव्हा कुठं लोक बोलायला लागले.

शोधगंगा ही वेबसाइट जरूर चाळा, भारतातल्या विद्यापीठांचे जुने प्रबंध फुकट वाचायला मिळतात. उचलेगिरी मात्र नको. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की कारवाई आहे. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोत, म्हणजे संदर्भ जपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. मी वहीत टिपले, पृष्ठक्रमांक राहून गेले, शेवटचा महिना त्यातच गेला.

आणि मार्गदर्शकांकडं अख्खा गठ्ठा नेऊ नका, एकेक प्रकरण द्या. आमचे सर हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना वाचायचे. पुणे येईपर्यंत एक प्रकरण लाल शाईनं रंगलेलं असायचं.